आलेखांतील अक्षरांचा आकार आणि फॉन्ट : कोडमध्ये नेमके काय, कोठे आणि किती?

रामबागकर (इंदूर)
इंदूरमधील एका मराठी वाचनालयाच्या वार्षिक अहवालाचे काम या वर्षी माझ्याकडे आले असून, पुस्तकांच्या देवघेवीचे सर्व आलेख मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने काढत आहे. आकडेमोडीविषयी तक्रार नाही. सगळे अडते ते अक्षरांपाशी. पडद्यावर छान दिसणारा आलेख अहवालाच्या पानावर बसवला की अक्षांवरची अक्षरे मुंगीएवढी होतात. ती वाढवावीत म्हणून शीर्षकाचा आकार वाढवला तर तेवढे शीर्षकच वाढते आणि अक्षांवरचे आकडे होते तेवढेच राहतात.

दुसरी अडचण देवनागरीची आहे. पुस्तकांच्या वर्गांची नावे छापली जाण्याऐवजी आधी नुसते चौकोन येत होते. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवून त्याचे नाव कोडमध्ये दिल्यावर चौकोन गेले, पण 'कविता' या शब्दातली वेलांटी व च्या आधी न येता व च्या नंतर येऊन पुढच्या त वर कलंडते, आणि 'चरित्र' लिहिले असता पाय मोडलेला त आणि त्यापुढे सुटा र दिसतो.

अक्षरांचे आकार एकाच ठिकाणी ठरवण्याची काही रीत आहे का, छापील पानावर किती पॉइंटांची अक्षरे असावीत, आणि ही वेलांटी जागेवर कशी आणावी, एवढे जाणकारांनी सांगावे. कोडमधील नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. इतरांनीही तसेच लिहिल्यास धागा वाचायला सोपा जाईल.

पलासिया_चौक (इंदूर)
एक्सेलमध्ये आलेख काढा. वेलांटी जागेवर येते, अक्षरे माऊसने वाढवता येतात आणि उरलेल्या वेळात पोहे-जिलबी खाऊन होते.

रामबागकर (इंदूर)
पलासियाकर दादा, एक्सेलमध्ये देवनागरी नीट उमटते हे अगदी मान्य आहे. परंतु प्रत्येक शाखेचे आणि प्रत्येक वर्गाचे आलेख वेगळे आहेत, आकडे शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतात, आणि प्रत्येक वेळी सगळे आलेख हाताने सारखे करत बसणे मला शक्य नाही. कोड एकदा नीट लिहिला की पुढच्या वर्षी जो कोणी हे काम करील त्यालाही तो उपयोगी पडेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)
ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे मूळ अक्षरांच्या आकारात नसून आलेखाच्या आकारात आहे. आपण आलेख किती इंची काढता, म्हणजे फिगसाइझमध्ये कोणते दोन आकडे देता, आणि अहवालाच्या पानावर तो किती रुंदीत बसवता, हे आधी सांगावे.

रामबागकर (इंदूर)
फिगसाइझ 12 आणि 7 असे देते, कारण पडद्यावर मोठा आलेख बघायला बरा वाटतो. पान ए-फोर आहे आणि चारही बाजूंना एकेक इंच समास सोडलेला आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर)
मग हिशेब सरळ आहे. ए-फोर पानाची रुंदी 210 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 8.27 इंच, दोन्ही समास वजा केले की 6.27 इंच उरतात. 12 इंच रुंदीचा आलेख तेथे बसवला की तो जवळजवळ निम्मा होतो आणि त्याच्याबरोबर त्यातील प्रत्येक अक्षरही निम्मे होते. मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षरांचा मूळ आकार 10 पॉइंट असतो, तो आपल्या पानावर 5.2 पॉइंटांच्या आसपास उरतो. पॉइंट हे इंचाचे बहात्तरावे अंश असलेले कागदावरचे माप आहे. आलेख नंतर ताणला किंवा आक्रसला की कोडमध्ये लिहिलेल्या पॉइंटांना काही अर्थ राहत नाही.

म्हणून फिगसाइझ पानावरच्या जागेइतकाच ठेवावा. आपल्या बाबतीत रुंदी 6.27 आणि उंची साधारण साडेतीन इंच पुरेल. आलेख पानावर बसवताना त्याला शंभर टक्के आकारात ठेवावे. मग कोडमध्ये 10 लिहिले की कागदावर 10 च उमटतील. पडद्यावर लहान दिसतो म्हणून फिगसाइझ वाढवू नये; पडद्यासाठी डीपीआय, म्हणजे दर इंचातील चित्रबिंदू, वाढवावा. फिगसाइझ तोच ठेवून डीपीआय 100 चा 300 केला तर चित्रबिंदू वाढतात, पण अक्षरे आणि आलेख यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्वाधिक होते, आणि विद्यापीठांतल्या प्रबंधांतही ती सर्रास दिसते.

तिरपा_अक्ष (इंदूर)
लष्करकर काकांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यात एक पाचर आहे. बहुतेक जण आलेख जतन करताना बीबॉक्स-इंचेस या पर्यायाला 'टाइट' असे मूल्य देतात, कारण त्याने कडेची मोकळी जागा छाटली जाते आणि बाहेर गेलेली अक्षरे चित्रात येतात. मात्र तसे केल्यावर तयार होणारे चित्र फिगसाइझमध्ये सांगितलेल्या रुंदीचे राहत नाही. एखाद्या आलेखाला लांब नावे असतात, एखाद्याला छोटी असतात, त्यामुळे प्रत्येक चित्राची रुंदी वेगळी येते, आणि ती सगळी चित्रे पानाच्या रुंदीला ताणून बसवली की एकाच अहवालात प्रत्येक आलेखाची अक्षरे वेगळ्या आकाराची दिसतात. लोक तासन्‌तास फॉन्टमध्ये दोष शोधत बसतात.

त्याऐवजी आकृती तयार करतानाच लेआउट या पर्यायाला 'कन्स्ट्रेन्ड' हे मूल्य द्यावे. तो दिलेल्या रुंदीच्या आतच अक्षांना जागा करून देतो आणि बाहेरचे माप बदलत नाही.

डांडियाबाजार (बडोदे)
आकार एकाच ठिकाणी ठरवण्याविषयी लिहितो, कारण तो प्रश्न अजून तसाच राहिला आहे.

मॅटप्लॉटलिबमध्ये आरसी-पॅराम्स नावाची एक कोशासारखी रचना आहे. त्यात फॉन्ट-साइझ हा मूळ आकार असतो, आणि शीर्षक, अक्षांची नावे, अक्षांवरचे आकडे, सूची (लेजेंड) यांचे आकार त्याच्या प्रमाणात सांगितलेले असतात: शीर्षक 'लार्ज' म्हणजे मूळ आकाराच्या 1.2 पट, बाकीचे 'मीडियम' म्हणजे मूळ आकाराइतकेच. त्यामुळे एकट्या फॉन्ट-साइझला 11 केले की सगळी अक्षरे त्या प्रमाणात वाढतात. आपण सेट-टायटलमध्ये फॉन्टसाइझचा आकडा थेट लिहिलात म्हणून फक्त शीर्षक वाढले, आणि आता आरसी-पॅराम्स कितीही बदलले तरी ते शीर्षक त्याच आकड्यावर अडून राहील. कोडमध्ये विखुरलेले असे सगळे आकडे आधी काढून टाकावेत. एखाद्याच आलेखात अक्षांवरचे आकडे वेगळे हवे असतील तर टिक-पॅराम्समध्ये लेबलसाइझ द्यावा, परंतु तो अपवाद म्हणून.

क्रमही महत्त्वाचा आहे. आरसी-पॅराम्स हे आकृती तयार होताना वाचले जातात. आलेख काढून झाल्यावर ते बदलले तर आधीच्या आलेखाला त्याचा पत्ताही लागत नाही. तसेच मॅटप्लॉटलिबवर बेतलेली सीबॉर्न ही लायब्ररी वापरत असाल तर तिची सेट-थीम ही आज्ञा फॉन्टचे कुटुंब पुन्हा आपल्या यादीवर नेते, आणि त्या यादीत एरियल पहिला असतो. आपण आधी नोटो सांगितला आणि नंतर सेट-थीम चालवले की चौकोन परत हजर होतात. सेट-थीम आधी चालवावे, किंवा फॉन्टचे नाव त्यालाच द्यावे.

हातचा_एक (ग्वाल्हेर)
आमच्या एका भाच्याने शहराच्या इतिहासावरचा आलेख काढला तेव्हा 'शिंदे' या नावातली वेलांटी द ला जाऊन मिळाली होती. ग्वाल्हेरात हे नाव चुकीचे छापायला फार धाडस लागते, म्हणून त्याने ते आलेखावरून काढून तळटीपेत टाकले.

शिरोरेघ (इंदूर)
आता वेलांटीविषयी. हातचा_एक यांच्या भाच्याने काढलेला मार्ग व्यवहारी असला तरी त्याची गरज नाही.

देवनागरीत मजकूर साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो. 'वि' साठवताना आधी व आणि मग वेलांटी साठवली जाते. दाखवताना वेलांटी व च्या आधी काढावी लागते. त आणि र यांच्या मध्ये हलन्ताचे चिन्ह आले की त्यांचे 'त्र' करणे, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे, हीही त्याच टप्प्यातली कामे आहेत. हे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात, पण ते अमलात आणणारे वेगळे यंत्रतंत्र लागते. ब्राउझर आणि इतर अनेक सॉफ्टवेअरे त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात. मॅटप्लॉटलिबची नेहमीची चित्र काढणारी व्यवस्था, निदान 3.10 या आवृत्तीपर्यंत, हा टप्पा न करता साठवलेल्या क्रमाने एकेक आकृती शेजारी ठेवत जाते. त्यामुळे फॉन्ट कोणताही दिला तरी 'कविता'ची दशा तीच होणार. चौकोन मात्र फॉन्टमुळेच येतात. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्स आहे आणि त्यात देवनागरी नाही. क हे अक्षर सापडले नाही की तो 'ग्लिफ 2325' अशी सूचना देतो, तो आकडा म्हणजे युनिकोडमधला क चा क्रमांक आहे.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय असा: आरसी-पॅराम्समध्ये एसव्हीजी-फॉन्टटाइपला 'नन' हे मूल्य द्यावे आणि आलेख एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइल-प्रकारात जतन करावा. एरवी मॅटप्लॉटलिब एसव्हीजीत प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा काढून ठेवतो. 'नन' दिल्यावर तो 'कविता' हा शब्द शब्द म्हणूनच फाइलमध्ये लिहितो आणि तो काढण्याचे काम फाइल उघडणाऱ्यावर सोपवतो. ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की वेलांटी, रफार, जोडाक्षरे सगळे जागेवर येते. मग इंकस्केपमधून पीडीएफ किंवा 300 डीपीआयचे पीएनजी काढावे. इंकस्केपला ही आज्ञा कोडमधूनही देता येते, त्यामुळे हात लावावा लागत नाही.

पलासिया_चौक (इंदूर)
इंकस्केप उघडायचेच असेल तर अक्षरे तेथेच हाताने लिहिली तर काय बिघडले? आलेखात नुसते दांडे काढायचे आणि नावे इंकस्केपमध्ये टाकायची. वर्तमानपत्रांतले चित्रकार तसेच करतात.

शिरोरेघ (इंदूर)
एकाच आलेखासाठी तसे करायला हरकत नाही. पण आकडे बदलले, दांड्यांचा क्रम बदलला आणि नावे जुन्या क्रमाने राहिली, तर 'कविता'चा आकडा 'चरित्रा'च्या नावावर छापला जाईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. नावे आकड्यांबरोबर कोडमधूनच यावीत, असे माझे ठाम मत आहे.

गणितवेडा (बडोदे)
इतके करण्यापेक्षा थेट पीडीएफ म्हणून जतन करा. मी नेहमी पीडीएफ-फॉन्टटाइप 42 ठेवतो, त्यामुळे फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत होतो.

शिरोरेघ (इंदूर)
गणितवेडा, 42 ने फॉन्ट ट्रूटाइप रूपात अंतर्भूत होतो हे खरे, पण अक्षरे कोणत्या क्रमाने ठेवायची हे पीडीएफ लिहिण्याआधीच ठरलेले असते. त्यामुळे चुकीची वेलांटी चुकीच्याच जागी, फक्त अधिक सुबकपणे, अंतर्भूत होते. मॅटप्लॉटलिबमधूनच थेट पीडीएफ हवे असेल आणि संगणकावर लाटेक ही मजकूर जुळवण्याची व्यवस्था असेल तर पीजीएफ बॅकएंड, म्हणजे चित्र काढणारी पर्यायी व्यवस्था, लाटेकच्याच झीलाटेक या प्रकाराबरोबर वापरावे. तेथे देवनागरीची जुळणी बरोबर होते. एमपीएल-कैरो नावाचे वेगळे बॅकएंडही आहे, ते राक्म या लायब्ररीच्या मदतीने हे काम करते. मात्र केवळ अहवालासाठी एवढी जुळवाजुळव करावी असे मी म्हणणार नाही.

गणितवेडा (बडोदे)
मराठी नाव देऊन आत्ताच करून पाहिले. आपण म्हणता तसेच झाले. माझे आलेख आजवर इंग्रजीत असल्यामुळे हा प्रश्न कधी आला नव्हता.

आरवाली (ग्वाल्हेर)
आर भाषेतल्या जीजीप्लॉटचा अनुभव येथे नोंदवते, कारण तेथे हे प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतात आणि वेगळ्या रीतीने अडतातही.

जीजीप्लॉटच्या थीममध्ये बेस-साइझ 11 असतो, शीर्षक त्याच्या 1.2 पट आणि अक्षांवरचे आकडे 0.8 पट, म्हणजे 8.8 पॉइंट. बेस-साइझ बदलला की सगळे बदलते. एवढे डांडियाबाजार यांनी सांगितल्यासारखेच आहे. परंतु दांड्यांवर आकडे लिहिण्यासाठी जिओम-टेक्स्ट वापरले तर तो थीमचा बेस-साइझ पाळेलच असे गृहीत धरू नये, आणि त्याचा आकार नेहमीच्या व्यवस्थेत मिलिमीटरमध्ये मोजला जातो. एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 2.85 पॉइंट. थीमशी जुळावे म्हणून कोणी तेथे 11 लिहिले की 31 पॉइंटांची अक्षरे दांड्यांवर येऊन बसतात आणि आलेख झाकून टाकतात. नव्या आवृत्त्यांत साइझ-युनिटला पॉइंट सांगण्याची सोय आली आहे, ती वापरावी.

डीपीआयविषयी लष्करकर यांनी लिहिलेले येथे जसेच्या तसे लागू होत नाही. जीजीसेव्हला रुंदी इंचांत दिली तर त्यांचे म्हणणे खरे ठरते. पण आरच्या जुन्या पीएनजी आज्ञेत रुंदी चित्रबिंदूंमध्ये दिली आणि रेस हा आकडा 72 वरून 300 केला, तर कागदाची रुंदी इंचांत आक्रसते आणि अक्षरे आलेखाच्या मानाने चौपट मोठी होतात. दोन्ही ठिकाणी नाव रिझोल्यूशनचेच, परिणाम मात्र उलटा.

वेलांटीसाठी रॅग हे पॅकेज बसवावे. ते मजकुराची जुळणी हार्फबझकडून करवून घेते, आणि ते बसवलेले असले की जीजीसेव्ह पीएनजीसाठी तेच वापरते. 'प्रवासवर्णन', 'नियतकालिके', 'कार्तिक', 'ज्येष्ठ' हे सगळे शब्द मी त्यातून छापले आहेत. शोटेक्स्ट हे पॅकेज फॉन्ट मिळवायला सोयीचे आहे, पण देवनागरीच्या जुळणीसाठी मी त्यावर विसंबत नाही. शिवाय त्याला डीपीआय वेगळा सांगावा लागतो, नाही तर 300 डीपीआयच्या चित्रात अक्षरे एक तृतीयांशाच्या आसपास उतरतात.

लष्करकर (ग्वाल्हेर)
आरवालीताईंची दुरुस्ती मान्य. माझे विधान इंचांत मोजणाऱ्या व्यवस्थेपुरतेच होते.

जुना_टंकलेखक (ग्वाल्हेर)
थोडे वेगळे, पण याच वाटेवरचे सांगतो. आमच्या मध्य प्रदेशात कार्यालयांतून मिळणाऱ्या अनेक फायली अजून कृतिदेवमध्ये असतात. कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट नाही. तो रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवतो. तक्त्यात 'मध्य' दिसत असले तरी फाइलमध्ये साठवलेले असते ते रोमन ई, तिरपी रेघ आणि अर्धविराम. असा तक्ता पायथनमध्ये वाचला की अक्षावर नेमकी हीच चिन्हे उमटतात आणि माणूस फॉन्ट बदलत बसतो. आलेखाला कृतिदेवच द्यावा हा सुचणारा उपाय टाळावा, कारण मग त्याच आलेखातले इंग्रजी शब्द अगम्य देवनागरीत दिसू लागतात. आकडे वाचल्याबरोबर नावांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि मगच आलेखाकडे वळावे.

तिरपा_अक्ष (इंदूर)
हे फार उपयोगाचे आहे. एका कार्यालयाकडून आलेल्या वॉर्डांच्या यादीत मला अशीच चिन्हे दिसली होती, आणि ती फाइल खराब झाली आहे असे समजून मी दुसरी मागवली. तीही तशीच आली.

शिरोरेघ (इंदूर)
रामबागकर ताईंनी किती पॉइंट असा प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर कोणीच दिले नाही. 'नेचर'सारखे नियतकालिक आलेखांतील मजकूर 5 ते 7 पॉइंटांत मागते, पण ते रोमन अक्षरांसाठी आणि 89 मिलिमीटर रुंदीच्या स्तंभासाठी आहे. देवनागरीत त्याच पॉइंटांत वरची मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार हे सगळे सामावून घ्यायचे असल्यामुळे मधले मूळ अक्षर लहान पडते. 7 पॉइंटांत 'ष्ठ' आणि 'ष्ट' यांतला फरक कळत नाही. माझ्या मते छापील पानावर अक्षांवरची नावे 9 च्या खाली जाऊ देऊ नयेत. पॉइंट हे फॉन्टच्या चौकटीचे माप असते, अक्षराच्या दिसणाऱ्या उंचीचे नव्हे. म्हणून नोटोमधले 10 आणि मुक्ता या दुसऱ्या फॉन्टमधले 10 शेजारी ठेवले तर ते सारखे दिसतीलच असे नाही. फॉन्ट आधी ठरवावा, एक पान छापून पाहावे आणि मग आकडा पक्का करावा.

दोन ओळींचे शीर्षक असेल तर ओळींतले अंतरही वाढवावे. मॅटप्लॉटलिबमध्ये ते 1.2 पट असते, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. 1.5 ठेवले की मोकळे होते.

डांडियाबाजार (बडोदे)
फॉन्टविषयी आणखी दोन गोष्टी. गूगल फॉन्ट्‌सवरून नोटो सान्स देवनागरी उतरवला की मुख्य फाइल व्हेरिएबल प्रकारची असते, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळ्या जाडी. मॅटप्लॉटलिब त्यातील मूळ जाडीच तेवढी वापरतो, त्यामुळे ठळक अक्षरे मागूनही साधीच मिळतात. त्याच संचात स्टॅटिक नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक जाडीची स्वतंत्र फाइल असते, ती घ्यावी आणि फॉन्ट-मॅनेजरच्या ॲड-फॉन्ट या आज्ञेने तिचा पत्ता द्यावा. मग फॉन्ट संगणकावर बसवावाही लागत नाही.

आमच्याकडे बडोद्यात आलेख अनेकदा मराठी आणि गुजराती अशा दोन्ही लिप्यांत लागतात. मॅटप्लॉटलिबच्या 3.6 या आवृत्तीपासून फॉन्टांची यादी देता येते. पहिल्यात अक्षर नसेल तर तो दुसऱ्यात शोधतो. नोटो सान्स, नोटो सान्स देवनागरी, नोटो सान्स गुजराती असा क्रम मी ठेवतो. गुजरातीला शिरोरेघ नसल्यामुळे तीच नावे त्याच पॉइंटांत थोडी फिकी वाटतात, म्हणून गुजराती नावांची जाडी मी एक पायरी वाढवतो. गुजरातीतली वेलांटीही अक्षराच्या आधीच येते, तेव्हा शिरोरेघ यांचा एसव्हीजीचा उपाय तिलाही लागतो.

ल_मराठीचा (इंदूर)
सगळ्यांनी वेलांटी जागेवर आणली, पण ल आणि श यांच्याकडे कोणी पाहिले नाही! पुष्कळ फॉन्टांत ही दोन अक्षरे मुळात हिंदी वळणाची असतात आणि मराठी वळणाची रूपे फॉन्टच्या आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच ती बाहेर येतात. वेबपानावर लँग या गुणधर्मात मराठीचा 'एमआर' हा संकेत द्यावा, एसव्हीजीतही तो देता येतो. नको असेल ही खटपट तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्यावा, त्यात मराठी वळणे मुळातच आहेत. त्याला ठळक रूप नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

पलासिया_चौक (इंदूर)
इंदुरात इतकी वर्षे हिंदी पाट्या वाचून माझ्या डोळ्यांना आता दोन्ही ल सारखेच दिसतात.

ल_मराठीचा (इंदूर)
दादा, अहवाल मराठी वाचनालयाचा आहे. तेथील ज्येष्ठ सभासद पहिल्या पानावरच बोट ठेवतील.

वेबवाला (बडोदे)
हाच अहवाल संकेतस्थळावरही टाकायचा असेल तर प्लॉटली किंवा डी-थ्री या वेबवर आलेख काढणाऱ्या लायब्ररींत वेलांटीचा प्रश्नच येत नाही, कारण अक्षरे ब्राउझर काढतो. प्लॉटलीत मूळ आकार 12 पिक्सेल असतो आणि लेआउटमधील फॉन्टमध्ये तो एकदाच बदलता येतो. स्थिर चित्र काढताना स्केल 2 किंवा 3 द्यावा; त्याने चित्रबिंदू वाढतात, प्रमाण तेच राहते.

डी-थ्रीत एक खोच आहे. एसव्हीजीला व्ह्यूबॉक्स देऊन तो मोबाइलच्या रुंदीला बसवला की अक्षरेही त्याच्याबरोबर लहान होतात. 960 रुंदीसाठी काढलेला आलेख 360 पिक्सेलच्या पडद्यावर आला की 12 ची अक्षरे साडेचार पिक्सेलची होतात. लहान पडद्यासाठी आलेख नव्याने त्याच रुंदीत काढावा. आणि सीएसएसमधले लेटर-स्पेसिंग देवनागरीला कधीही लावू नये. शिरोरेघ तुटून प्रत्येक अक्षर वेगळे होते.

तिरपा_अक्ष (इंदूर)
माझे नाव तिरपा_अक्ष असले तरी सांगतो: लांब मराठी नावे 45 अंशांत तिरपी करू नका. शिरोरेघ पायऱ्यांसारखी दिसते आणि मान वाकडी करून 'नियतकालिके' वाचावे लागते. बारच्या ऐवजी बार-एच ही आज्ञा वापरली की दांडे आडवे होतात, नावे डावीकडे सरळ ओळीत बसतात, आणि निम्म्या वेळा अक्षरांचा आकार कमी करण्याची गरजच पडत नाही. आलेखात चारच वर्ग असतील तर सूचीही काढून टाकावी आणि नाव रेषेच्या टोकाशी लिहावे.

रामबागकर (इंदूर)
सर्वांचे मनापासून आभार. आता कोडच्या सुरुवातीला एकच भाग ठेवला आहे: रुंदी 6.27 इंच, लेआउट कन्स्ट्रेन्ड, फॉन्ट-साइझ 10, नोटो सान्स देवनागरीची स्टॅटिक फाइल, आणि एसव्हीजी-फॉन्टटाइप 'नन'. दांडे आडवे केले. एसव्हीजीतून पीएनजी इंकस्केपकडून आपोआप निघते. 'कविता' आणि 'चरित्र' दोन्ही शुद्ध उमटले, आणि ल साठी लँग लिहिणारी एक ओळ फाइल जतन झाल्यानंतर चालवते.

एकच शंका उरली आहे. 'संदर्भग्रंथ' हे नाव आणि त्याचा दांडा यांच्यात इतर नावांपेक्षा जास्त मोकळी जागा राहते का, की मलाच तसे वाटते? आणि हेच आलेख वार्षिक सभेत प्रोजेक्टरवर दाखवायचे आहेत, तेव्हा हीच चित्रे मोठी करून चालतील का?

शिरोरेघ (इंदूर)
भास नाही. 'नन' दिले तरी किती जागा सोडायची याचा हिशेब मॅटप्लॉटलिब स्वतःच्या न जुळवलेल्या अक्षरांवरून करतो, आणि 'ग्रं'सारखी जोडाक्षरे प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी जागा घेतात. नावे उजवीकडे टेकवलेली असतील तर दांड्याजवळची कड सरळच राहायला हवी; जास्तीची जागा मग डाव्या समासात जाते. नावांचे एचए, म्हणजे आडवी टेकण, 'राइट' आहे ना, ते एकदा पाहा.

लष्करकर (ग्वाल्हेर)
प्रोजेक्टरसाठी तीच चित्रे वापरू नयेत. रुंद स्लाइड 13.33 इंच रुंद आणि 7.5 इंच उंच असते. त्याच कोडमध्ये रुंदी 12 इंच आणि फॉन्ट-साइझ 20 करून वेगळा संच काढावा. सीबॉर्न असेल तर सेट-कॉन्टेक्स्टला 'टॉक' सांगितले की रेषाही जाड होतात, पण त्यातली दीडपट वाढ मागच्या रांगेतल्या आजोबांना पुरत नाही, म्हणून फॉन्ट-स्केल वेगळा वाढवावा. 12 बाय 7 हा आपला जुना आकार तेथे अगदी चपखल बसेल.

रामबागकर (इंदूर)
एचए 'सेंटर' राहिले होते. 'राइट' केल्यावर कड सरळ झाली. सभेचा संच आज रात्री काढते.